लिमिटेडाचं घर

बिरूआप्पा गेले ते मला राहू गावात कळलं. पुतणीच्या लग्नाच्या याद्या करत आम्ही भावाच्या ओसरीवर बसलो होतो, चहाचे कप अजून उचललेले नव्हते, आणि केंदूरहून आप्पांच्या बायकोचा, हौसावहिनींचा फोन आला. "भाई, ह्ये गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मग कुणीतरी फोन हातात घेऊन सांगितलं की, आप्पा जेवण करून दारात बसले होते, कंपनीच्या पाटीखाली, उन्हात पाय सोडून, आणि बसल्या बसल्याच मान कलली. मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की आता आपला कोरम मोडला. मग माझी मलाच लाज वाटली, आणि त्या लाजेतच रडू फुटलं. कोरम म्हणजे सभा भरायला लागणारी कमीत कमी माणसं. आमच्या कंपनीत ती दोन होती, केंदूरचे बिरूआप्पा आणि शिरूरचा मी, शब्बीर टायपिंगवाला. तिसरं कोणी कधीच नव्हतं. या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले, तरी दुपारी डोळा लागला की अजून मला लोकरीचा वास येतो.

तो वास पहिल्यांदा आला ती दुपार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माडीवर माझा टायपिंगचा क्लास होता, आठ मशीनं, आठ खुर्च्या आणि माझी तिरसट जीभ. जिना चढून एक उंच, हाडकुळा माणूस आला, डोक्याला पटका, काखेत गुंडाळी. गुंडाळी त्यांनी माझ्या टेबलावर सोडली. लोकर थापून केलेली बोटभर जाड, राखाडी पट्टी होती ती. तिच्यातनं तंतू सुटले आणि खिडकीतल्या उन्हात मशीनांवरून तरंगत राहिले... मुली टाइप करायच्या थांबल्या. महामार्गाला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका कारखान्यात रंग दिलेले लोखंडी भाग एकावर एक ठेवताना ओरखडे उठत, म्हणून मध्ये घालायला काहीतरी मऊ हवं होतं. आप्पांनी आपली पट्टी तिथल्या खरेदीच्या साहेबाला नेऊन दाखवली. साहेब म्हणाले होते, "माल चांगला आहे, पण आम्ही कंपन्यांशीच व्यवहार करतो. प्रायव्हेट लिमिटेड करून या, मग बघू."

"तर ती करायची हाय," आप्पा म्हणाले. "तुम्ही लिव्हणारं मानूस. काय काय लागतं त्ये इचारा कुठंतरी. आन् दोन मानसं लागत्यात म्हणं. दुसरं तुम्हीच व्हा."

ओळख किती, तर तेवढ्या दुपारची. मी माणूस असा, की क्लासच्या फीत आठ आणे कमी दिले तरी जिन्यापर्यंत मागं जाणारा. तरी मी हो म्हणालो. का म्हणालो ते आजतागायत मला उमगलेलं नाही. त्या तरंगणाऱ्या तंतूंना दोष देऊन मी मोकळा होतो.

मग पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका जिन्यावरच्या अरुंद खोलीत बसणाऱ्या सी.ए. साहेबांनी आम्हाला शांतपणे खर्च सांगायला घेतला, आणि तो संपेचना. नावाच्या अर्जाची फी. त्या नावाची दुसरी कंपनी निघाली की पुन्हा फी. आमची दोन नावं परत आली, तिसरं मिळालं, केंदूर फेल्ट्स, फेल्ट म्हणजे थापलेली लोकर. मग नोंदणीची फी, मुद्रांक, कंपनीच्या घटनेच्या छापील प्रती, शिक्का, सभेचं पुस्तक, साहेबांची स्वतःची फी, आणि हे सगळं झाल्यावर दरवर्षी हिशेबतपासणी, दरवर्षी विवरणपत्र, काम असो वा नसो. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो आणि आप्पा घटनेचा कागद हातात घेऊन भारावले होते. कंपनीचे उद्देश म्हणून साहेबांनी त्यांच्याकडचा तयार मजकूरच लावला होता, त्यात आयात होती, निर्यात होती आणि जहाजवाहतूकसुद्धा होती. मी वाचून दाखवल्यावर आप्पांनी विचारलं, "म्हंजी आपल्याला जहाजंबी चालवता येतील व्हय?" कायद्यानं येतील, असं साहेब गंभीरपणे म्हणाले. येताना एसटीत आप्पा खिडकीतून बाहेर बघत एकदम हसायला लागले. ज्या गावाचा निम्मा उन्हाळा टँकरच्या पाण्यावर जातो, त्या गावात आता जहाजांची परवानगी होती. पुढं पंधरा वर्षं, कुणी काय चाललंय विचारलं की आप्पा म्हणत, "काय न्हाई, जहाजाची वाट बघतोय."

खर्चांत शेवटचा होता पाटीचा. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नावाची पाटी असायलाच हवी, असा नियम. शिरूरचा पेंटर अक्षराच्या हिशेबानं पैसे घेई. केंदूर फेल्ट्स थोडक्यात झालं, पण पुढच्या 'प्रायव्हेट लिमिटेड'नं बिल फुगवलं. मी म्हणालो, नुसतं प्रा. लि. घाला. आप्पांना ते बिलकुल पटलं नाही. "नाव ठिवायचं तर आख्खं ठिवा," ते म्हणाले. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं. आप्पांच्या घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीवर ती पाटी लागली, आणि आठवडाभरात गावानं त्या घराला 'लिमिटेडाचं घर' करून टाकलं.

सगळे कागद घेऊन आम्ही कारखान्यात गेलो तेव्हा चार महिने उलटले होते. खरेदीच्या साहेबांनी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं, शिक्का पाहिला, मग आमच्या तोंडाकडं पाहिलं. "अहो," ते म्हणाले, "मी आपलं सहज म्हणालो होतो... साधं बिलबुक असतं तरी चाललं असतं." आप्पांना टाळायला एका माणसानं सहज एक वाक्य टाकलं होतं, आणि आप्पांनी ते शब्दशः पाळलं होतं. मी साहेबांवर ओरडायच्या बेतात होतो. आप्पा मात्र म्हणाले, "चाललं असतं, पर आता झालीच हाय तर असू द्या." साहेब इतके खजील झाले, की त्यांनी तिथल्या तिथं ऑर्डर लिहून दिली. पुढं सहा-सात वर्षं केंदूरच्या खोलीत लोकर थापली गेली, चार बायांना काम मिळालं आणि मलाही वर्षाकाठी थोडंफार मिळत राहिलं. मिळालं त्यातला मोठा घास ती कंपनीच खाई, ही गोष्ट वेगळी.

मी त्यांना पुष्कळदा म्हणालो, की आप्पा, ही लिमिटेड मोडा आणि साधं दुकान म्हणून धंदा करा, निम्मा खर्च वाचेल. असं म्हटलं की ते पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत बसत. एकदा मात्र बोलले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला लागायचे. आप्पांचा जन्म त्या वाटेवरचाच. कुठल्या गावच्या शिवारात, कुठल्या तारखेला, ते आईलाही सांगता येत नसे, "घाट उतरलो आन् झालास" एवढंच ती सांगे. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची लावतात तशी एक जूनची तारीख लावली. वडिलांच्या नावानं उभ्या जन्मात एक कार्ड आलं नाही, कारण कार्ड टाकायचं कुठं? "आन् आता बघा," आप्पा म्हणाले, "सरकार माझ्या दारावर कागद धाडतंय. नोटीस का असंना... पोस्टमन पाटी वाचतो आन् हाक मारतो." एवढं सांगून त्यांनी लगेच विषय बदलला, लोकर धुवायच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलले. मीही पुढं विचारलं नाही.

खरी जन्मतारीख असलेलं आमच्यात कंपनी हे एकच माणूस आहे, अशी मी थट्टा करायचो. ती त्यांनी खरी मानली. प्रमाणपत्रावरच्या तारखेला दरवर्षी वहिनी शेवयांची खीर करायच्या आणि मला एसटीनं जावंच लागायचं. माझी बेगम कपाळावर हात मारून म्हणायची, "वो कंपनी हय या मेरी सौतन?"

आणि ते सभेचं पुस्तक. सी.ए. साहेबांनी सांगितलं होतं, की सभेत जे होईल ते पुस्तकात लिहायचं. छोट्या कंपन्यांत अशा सभा कुणी भरवत नाही, साहेबांच्या खोलीतच चार ठराव टाइप होतात आणि सह्या करायच्या असतात. हे आप्पांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितल्यावरही त्यांनी ऐकलं नाही. आमची वार्षिक सभा सप्टेंबरात, पत्र्याच्या खोलीत, खरोखर भरे. पहिल्या लॉटमधल्या नापास झालेल्या दोन पट्ट्या अंथरल्या जात, एक त्यांना, एक मला. आणि सभेत जे होईल ते सगळं ते लिहीत. "हिशेब मंजूर. शब्बीरभाईंना खोकला हाय, काढा दिला. बाहेर पाऊस लागलाय. काळी मेंढी व्याली, दोन कोकरं." हिशेब तपासायला आलेल्या पोरसवदा सी.ए.नं ते वाचलं आणि विचारलं, ही कोकरं मालमत्तेत धरायची का? माझा क्लास कॉम्प्युटरपुढं टिकेना आणि मी मशीनं भंगारात घातली, त्या वर्षी पुस्तकात रीतसर शोकप्रस्ताव आहे, आठ मशीनांसाठी, दोन मिनिटं उभं राहून. वर दोन रकाने ते फूटपट्टीनं आखत, हजर आणि गैरहजर. हजरमध्ये दोन नावं आणि गैरहजर कोरा. त्या कोऱ्या रकान्याचा त्यांना भारी अभिमान होता.

तो रकाना एकदा भरायची वेळ आली होती, आणि ती मी आणली. कारखान्यानं स्वस्त फोम आणला आणि आमची पट्टी बंद झाली. दोन वर्षं काम शून्य, खर्च पूर्ण. त्यातच नवा कायदा आला, की खाजगी कंपनीचं भांडवल कमीत कमी एक लाख हवंच, नाहीतर कंपनी मेली समजा. मला तर हायसं वाटलं. आयतीच सुटका होती, काही न करता ती आपोआप मेली असती. पण एका बाजारच्या दिवशी आप्पा जिना चढून आले आणि बँकेची स्लिप माझ्यासमोर ठेवली. उरलीसुरली सगळी मेंढरं विकली होती. वाढीव शेअरपैकी निम्मे माझ्या नावानं घ्यायचे, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं, कारण "बरुबरीचं हाय आपण". माझा तोल गेला. क्लासच्या पोरींसमोर मी ओरडलो, "मेंढरं विकून कागद पोसताय? ज्या लोकरीवर कंपनी उभी केली ती विकलीत?" ते खाली बघत म्हणाले, "मेंढरं हिंडत्यात, शब्बीरभाई. पत्ता हिंडत न्हाई." मी म्हणालो, तुमच्या पत्त्यावर मी यापुढं पाऊल ठेवणार नाही.

आणि सप्टेंबरात गेलो नाही. आप्पा मात्र दर बाजारी यायचे. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे, आठ मशीनांचा तो आवाज डोळे मिटून ऐकायचे. पाऊस पत्र्यावर पडल्यागत वाटतं, म्हणायचे. तासाभरानं "येतो" म्हणून उठायचे. सभेबद्दल अवाक्षर नाही. असे चार-पाच महिने गेले. मग फेब्रुवारीत सी.ए. साहेबांचा मला फोन आला. विवरणपत्र अजून गेलेलं नाही, दंड चढतोय, आणि हा माणूस दंड भरायला तयार आहे पण सभेचा कागद देत नाही. "मी म्हटलं त्यांना," साहेब वैतागून सांगत होते, "शब्बीरभाई हजर होते असं लिहा, सगळेच लिहितात. तर म्हणतात खोटं कसं लिहू? मग गैरहजर लिहून मोकळे व्हा, म्हटलं. तर म्हणतात, त्ये माझ्यानं लिव्हवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी केंदूरला गेलो. दुपारची वेळ होती, खोलीचं दार उघडं होतं आणि आत दोन पट्ट्या अंथरलेल्या होत्या. मी येणार हे त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. नंतर वहिनींनी सांगितलं, सप्टेंबरापासून त्या रोज अंथरल्या जात होत्या आणि संध्याकाळी गुंडाळल्या जात होत्या. मी बसलो. आप्पांनी फूटपट्टी घेऊन रकाने आखले, माझं नाव हजरमध्ये लिहिलं आणि विचारलं, "चा घेणार न्हवं?" त्या सभेत माझ्या रागाची नोंद नाही. "बोरं लई गोड हायती औंदा" अशी आहे.

त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. दर वर्षी केली. कागद जाऊन सगळं इंटरनेटवर आलं, प्रत्येक डायरेक्टरला नंबर, प्रत्येकाला डिजिटल सही, तिचीही दर दोन वर्षांनी फी. ती सही ज्यात असते ती पेनाच्या टोपणाएवढी डबी आप्पांनी तळहातावर घेऊन उन्हात धरून पाहिली होती. "ह्यात मी हाय?" त्यांनी विचारलं होतं. मग रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली. मेंढरं नाहीत, लोकर नाही, मशीनं नाहीत. फक्त पाटी, पुस्तक आणि आम्ही दोघं. सप्टेंबरातली ती दुपार माझ्या वर्षातली सगळ्यात निवांत दुपार होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपण तिचेच पैसे भरत होतो, हे तर त्याहून उशिरा.

यंदाच्या सभेत मी माझ्या वाट्याच्या खर्चाचे पैसे खिशातून काढताना दोनदा मोजले. बेगमच्या दवाखान्यामुळं जरा ओढगस्त होती. आप्पा बघत होते. चहा झाला, मी पाचची गाडी धरली. ते पाटीखाली उभे राहून हात हलवत होते. ती शेवटची भेट.

परवा केंदूरला गेलो. हौसावहिनी मूळच्या खुटबावच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ट्रंकेतून पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिशी त्येंनी कायतरी लिवलंया. बघा." बघितलं. आप्पांनी एकट्यानं सभा घेतली होती. "विषय एक. शब्बीरभाईंवर खर्चाचा भार पडतोय. त्यांच्या घरात दुखणं हाय. ठराव. कंपनी बंद करावी. पाटी काढावी. शब्बीरभाईंना मोकळं करावं." खाली त्यांची सही, मोठी, थरथरती. वर आखलेले रकाने. हजर, बिरू. गैरहजर कोरा. मी तिथं नव्हतो, तरी कोरा...

ज्या पत्त्यासाठी मेंढरं विकली, तो पत्ता या माणसानं माझ्या दोनदा मोजलेल्या नोटांसाठी सोडून दिला होता. मला अक्षरं दिसेनाशी झाली.

"मंग बंद करायची का, भाई?" वहिनींनी विचारलं. "त्येंची इच्छा हाय तर..."

"वहिनी, हा ठराव बाद आहे," मी म्हणालो.

"का?"

"एकट्याची सभा होत नाही. कोरम लागतो." पंधरा वर्षं ज्या नियमांना मी शिव्या घातल्या, त्यातल्या एकाच्या मी त्या दिवशी अक्षरशः पाया पडलो. "आता आप्पांच्या जागी तुमचं नाव चढवावं लागेल."

"त्याला खर्च येईल?"

"येईल. आणि मग दरवर्षी येत राहील."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं, जिथं पाटीची सावली उंबऱ्यावर पडली होती. मग म्हणाल्या, "यिऊ द्या." उठल्या आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या आणून अंथरल्या. दोन अंथरल्या, थांबल्या आणि तिसरी आणली.

सी.ए. साहेब म्हणतील ही सभाही बाद आहे, वहिनींचं नाव अजून कुठं चढलंय? म्हणोत. मी फूटपट्टी घेऊन रकाने आखले. हजरमध्ये हौसाबाईंचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. मग पेन दुसऱ्या रकान्यावर आलं, आणि किती वेळ तिथंच राहिलं... बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मी तिसऱ्या पट्टीकडं पाहिलं. त्यातनं एक तंतू सुटून उन्हात वर चालला होता. वहिनी म्हणाल्या, "लिव्हा की, भाई." मी म्हणालो, झालं लिहून. रकाना कोरा ठेवला.